एकटं पान ठेवायचं नसतं

शनिवारी उन्हं उतरली की खालच्या मजल्यावर मावशींच्या पुढच्या खोलीत वाचनमंडळासाठी चटया पसरल्या जातात आणि शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबरीतल्या कुठल्यातरी मुलीच्या लग्नाचा घोळ सुरू होतो.

मावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे पूर्वज मराठे राजांच्या काळात इकडं आले आणि कुंभकोणमचेच होऊन गेले. आम्ही त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो. माझ्या नवऱ्याचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या सांगलीकडच्या कोरड्या गावांतली निम्मी माणसं याच धंद्यापायी देशभर पांगलेली. लग्न होऊन आले तेव्हा तमिळ येत नव्हतं. एकदा जिन्यात मावशींनी विचारलं, "कां गे, जेवलीस की नाही?" तर मी तिथंच रडायला लागले. त्यांचं मराठी मला कीर्तनातल्यासारखं वाटलं, पण होतं मराठीच.

तेव्हापासून सकाळी भाजी निवडताना मावशी मला त्या कादंबऱ्या सांगतात. इंग्रजी मला वाचता येत नाही. नववीनंतर शाळा सुटली. आई आजारी, धाकटे भाऊ, हायस्कूल दुसऱ्या गावात. कुणी मुद्दाम सोडवली असं नाही, सुटली. शनिवारच्या मंडळात मी कॉफी न्यायची आणि दाराशी बसून ऐकायची. ते दोन तास म्हणजे माझा आठवडा. म्हणून भीतीही तिथलीच. वाटायचं, आपण तोंड उघडलं की ह्यांना कळणार, ही काही आपल्यातली नव्हे. मग कॉफी आणायला दुसरं कुणीतरी येईल, आणि माझा शनिवार जाईल.

मंडळ तसं लहान. आडुतुरैचे काका, भाताच्या संशोधनात जन्म घालवून निवृत्त झालेले. आमच्याच गल्लीतली एक दातांची डॉक्टर, वयानं माझ्याएवढी. आणि तिरुविडैमरुदूरहून एकाच बसनं येणाऱ्या, पण कधी एका बाजूला न बसणाऱ्या नणंद-भावजय. सगळे तंजावरकडच्या मराठी घरांतले. वाद मराठीत सुरू होतो आणि तापला की तमिळमध्ये जातो.

मंडळाची एक रीत आहे. शेवटची दोन प्रकरणं राहिली की पुस्तक मिटायचं. मावशी दोन पितळी तबकं मांडतात, एकेक तबक एकेका उमेदवाराचं. प्रत्येकानं विड्याचं पान हव्या त्या तबकात ठेवायचं आणि का ते सांगायचं. ह्याला ते 'निश्चय' म्हणतात. मग शेवट वाचायचा. ज्यांचा नवरदेव पडला, त्यांनी पुढच्या शनिवारचा फराळ करायचा. मावशींना शेवट ठाऊक असतो, म्हणून त्यांना पान नाही.

मी सांगतेय त्या शनिवारची नायिका एका पाद्र्याची मुलगी होती. वडील वारले, राहतं घर सुटलं. एकीकडं गावचा जमीनदार. थंडीत न सांगता त्यांच्या दारात कोळसा टाकून जाणारा, पण प्रेमाचा शब्द न बोलणारा. दुसरीकडं रेल्वेचे रूळ टाकायला आलेला हसरा इंजिनियर. तिला पुस्तकं देणारा, तिच्याशी भांडणारा, आणि मग लांबच्या कामावर जाऊन वर्षभर पत्रही न धाडणारा.

"ह्यात ठरवायचं काय आहे?" काकांनी आपलं पान जमीनदाराच्या तबकात ठेवलं. "इंग्लंडात बारमाही पाऊस. कावेरीला पाणी कधी सुटेल म्हणून वाट बघणं नाही. असल्या जमिनीच्या मालकाला ही नाही म्हणते?"

"काका, तुम्ही जावई बघताय की जमीन?" डॉक्टरनं आपलं पान इंजिनियरला दिलं. "आणि तो कोळसा! बोलायला तोंड नाही म्हणून कोळसा धाडतो. सोबत बसून दोन शब्द बोलला असता तर?"

"बोलणाऱ्याशी लग्न करून मी बघितलंय," नणंदबाई म्हणाल्या. "पोदुम, पुरे झालं. कोळसाच बरा." त्यांचंही पान जमीनदाराला.

मग भावजयीचं पान अर्थातच इंजिनियरला.

"ही मोबाइलवर शेवट वाचून येते!" नणंदबाई कडाडल्या.

"शपथ घ्या म्हणाल तर घेते. तुमच्या भावाची घेऊ?"

"त्याची नको. त्याची तू रोजच घेतेस."

दोन्हीकडं सारखी पानं झाली. आता मावशी पुस्तक उघडणार म्हणून मी कपबश्या गोळा करायला उठले, तर त्यांनी पानांचं ताट माझ्यापुढं सरकवलं. "बैस गे. गोष्ट सगळी ऐकलीस ना? मग तुझंही होऊ दे."

सगळे माझ्याकडं बघत होते, आणि काका तर डोळे मोठे करून. मी ताटातली पानं उचलली, देठ सारखे केले आणि इंजिनियरच्या तबकात ठेवली.

काका वाकले. मोजलं. परत मोजलं. "पाच माणसं, पानं सहा! कळ्ळ वोटु!"

निवडणुकीत खोटं मत टाकतात, त्याला इथं हेच म्हणतात, एवढं तमिळ मला येत होतं. डॉक्टर खो खो हसत सुटली. गेला शनिवार, पहिल्याच दिवशी गेला.

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं. "सोयरीक आहे ना ही? आमच्याकडं सोयरिकीला एकटं पान ठेवत नाहीत. जोडीनंच ठेवायचं. हाताला तेच वळण. चुकलं असेल तर काढते."

मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अय्यो! आमच्या घरीही जोडपानच देतात, आणि इथं मात्र आम्ही इतकी लग्नं एकट्या पानावर ठरवली? तरीच निम्म्या मुली शेवटपर्यंत रडतात."

"सरी, सरी, खरंय," काका म्हणाले आणि ताटातून आणखी एक पान घेऊन आपल्या पानाला जोडलं. बाकीच्यांनीही तसंच केलं. "पण रीत सुटत नाही, पोरी. का ते सांग."

काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण आलं तोंडातून. "काका, आमच्या गावात पुरुष लांबच असतात. कुणी आसामात, कुणी केरळात. माझे वडील भट्टीवरून सणालाच घरी यायचे. फोनवर 'बरं आहे ना?' एवढंच. लांबच्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून तो विसरलाय असं नसतं. तो इंजिनियर येईल. पत्र नाही लिहिलं, तरी येईल."

नणंदबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "बोलते की ही! इतके दिवस नुसती कॉफी पाजत बसली." मग त्यांनी चटईवर आपल्या शेजारची जागा थोपटली. दाराशी नाही, आत. मी जाऊन बसले.

मावशींनी पुस्तक उघडलं. आधी इंग्रजीत वाचायच्या, मग माझ्याकडं बघून मराठीत सांगायच्या.

इंजिनियर आला. अगदी मी म्हटलं तसा आला, चिखलानं भरलेल्या बुटांनी. आणि तिनं त्याला चहा दिला, मायेनं विचारपूस केली, आणि जमीनदाराशी लग्न केलं.

काका चटईवरून उठून उभेच राहिले. "कोळसा जिंकला! कोळसा!"

"आला होता ना पण तो!" मी ओरडले. मला वाटतं त्या खोलीत मी पहिल्यांदाच ओरडले. भावजयीनं आणि डॉक्टरनं माझी बाजू घेतली, त्यांना त्या मुलीचा फारच राग आला होता. काका म्हणाले, रडारड नको, फराळाचं बोला. मला डाळवडे. मावशींनी विचारलं, "हरलेल्यांत तिघी. तू काय करशील गे?"

तू काय करशील. म्हणजे पुढच्या शनिवारी मला यायचंच होतं. नाही आले तर काका शोधत वर आले असते.

"शेंगोळे," मी म्हटलं. "हुलग्याचे. तुम्ही खाल्ले नसतील."

दिवेलागणीला नवरा दुकानातून आला. अंगाला तेजाबाचा वास, भुवया भट्टीनं करपलेल्या. मी पाण्याचा तांब्या देतानाच सांगितलं, उद्या येताना हुलग्याचं पीठ आण, इथं कोळ्ळु म्हणतात.

"कशाला?"

"हरले मी."

तो तांब्या हातात धरून बघत राहिला. "हरल्यावर एवढं हसतं का कुणी?" मग पाणी पिऊन, चप्पल परत पायात घालत म्हणाला, "किलोभर पुरेल?"