वळणावर कड धरायची नाही

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या कळंबात मुलींच्या सायकली भिंतीला टेकतात, त्या हंगाम संपेपर्यंत. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, म्हणून मुलींनी एसटीची वाट बघायची. आली तर शाळा, नाही तर घर. माझी लेक दहावीला होती आणि दिवाळीनंतर तिची शाळा अशीच बुडायला लागली. दहावीचं वर्ष! माझं डोकंच फिरलं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. उसाचा ट्रॅक्टर ते स्वतः चालवतात, त्यामुळे रस्त्याच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी रोज वालचंदनगरला दवाखान्यात कामाला सायकलनंच जाते, याची मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "तू काय ऐकणारी हायस व्हय? पोरीचं मी ठरवणार."

"मग बघून ठरवा की," मी म्हटलं. "रविवारी रिकाम्या ट्राल्या घेऊन मागनं या. पोरगी म्होरं चालवंल. तुमाला न्हाय पटलं, तर ती सायकलीचं नाव काढणार न्हाय."

लेक माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली. तिला न विचारता मी तिची सायकल पणाला लावली होती.

शनिवारी आम्ही आधी दिसण्याची तयारी केली. तिचा शाळेचा ड्रेस उसाच्या वाळल्या पानांच्या, पाचटाच्या रंगाचा. उसाच्या कडेनं निघाली की पोरगी गायब. आमच्याकडे रानडुकरं शिरू नयेत म्हणून उसाभोवती जुन्या साड्या बांधतात. त्यांतल्या चार सोडून आणल्या, आबांना ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलं आणि आम्ही मायलेकी लांब जाऊन एकेक साडी फडकवायला लागलो. पोपटी उसात विरून गेली. जांभळी सावलीत काळी दिसली. राणी रंगाची धरली मात्र, आबांची आरोळी आली, "दिसली! लगीच दिसली!"

"दिसंल न्हाय तर काय, माझी हाय ती!" सासूबाई बांधावरून ओरडल्या. आम्ही हसून हसून खालीच बसलो. त्याच साडीचं बिनबाह्यांचं जाकीट मी संध्याकाळी मशीनवर शिवलं.

आबा खूश झाले, पण त्यांचा हेका सुटेना. "रंग झ्याक हाय. पण चालवायची पार कडंनं, साइडपट्टी धरून." साइडपट्टी म्हणजे डांबराशेजारची मातीची पट्टी. गावात सगळ्यांना लहानपणापासून हेच शिकवतात. मी लेकीला वेगळं शिकवलं होतं. कडेपासून हातभर आत चालव, म्हणजे खड्डा चुकवायला जागा राहते. आणि वळण आलं की मागं बघ, हात दाखव आणि रस्त्याच्या आपल्या बाजूच्या मधोमध ये, म्हणजे मागची गाडी वळणातच शेजारून घुसत नाही. आबांना हे सांगून पटण्यातलं नव्हतं, दाखवायलाच हवं होतं.

रविवारी निघालो. पुढं लेक, मागं आबांचा ट्रॅक्टर, खडखडणाऱ्या दोन ट्रॉल्या आणि सगळ्यात शेवटी माझी सायकल. जाकीट उन्हात नुसतं पेटलं होतं. समोरून येणारे मोटारसायकलवालेसुद्धा लांबूनच वेग कमी करत होते! रिकाम्या ट्रॉल्यांवरून मला लेक सगळा वेळ दिसत होती.

कालव्यापाशी डावं वळण आलं. लेकीनं मागं बघितलं, हात बाहेर काढला आणि सरळ रस्त्यात आली. आबांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढेचनात. "कडंला हो! ए पोरी, कडंला हो!"

ती हलली नाही. बये, हलू नकोस, मी मनात म्हणत होते. आबांना वेग कमी करावाच लागला. तिच्या मागून ते सावकाश वळले. वळण संपल्याबरोबर ती डावीकडे झाली आणि अशा ऐटीत हात करून त्यांना पुढं जायला सांगितलं की मी ओरडलेच, "शाब्बास!"

आबा ट्रॅक्टर थांबवून उतरले. चेहरा लालबुंद. "माझ्या म्होरं येती? दिसली नसतीस म्हंजी?"

"दिसले म्हणूनच तर तुमी दमानं घेतलं न्हवं, आबा?" लेक म्हणाली.

मी फक्त मागं बोट दाखवलं. आबा चालत वळणापर्यंत आले. ट्रॅक्टर सगळा वेळ डांबरावरच होता. मागची ट्रॉली मात्र वळणात आत ओढली गेली होती, आणि तिच्या चाकाची ताजी खूण साइडपट्टीच्या मातीवरून गेली होती. ओझं नसताना, एवढ्या सावकाश जाताना.

आबा तिथंच उकिडवे बसले. त्या खुणेवर त्यांनी हात ठेवला.

"हितंच चालव म्हणत व्हतो मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

लेक जवळ येऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या जाकिटाचं टोक मुठीत धरलं.

"उद्यापास्नं सायकलीनं जा शाळंला," ते म्हणाले. "आन् कुणी कितीबी हारन मारू दे, म्या मारला तरीबी, वळणावर कड धरू नगंस."