साडूंचा हिराबोळ

हिराबोळाच्या एका नावासाठी सगळा युरोप पालथा घालणारा माणूस नागपुरात एकच निघेल, आणि तो म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. विमानात ते कधी बसलेले नाहीत. उमरेडच्या विणकराच्या घरात जन्मले आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर राहिले. तिथे हिरड्यांना लावायच्या औषधाच्या बाटलीवर एक इंग्रजी नाव होतं. ते आपल्या बाळंतिणीला देतात त्या बोळाचंच, हे कळलं आणि साडू कामातून गेले. फ्रेंच मीर, स्पॅनिश मिर्रा, हंगेरियन मिर्हा अशी यादी वहीत वाढत गेली. माझ्या एका भाचीला पाहायला आलेला मुलगा जर्मनीत राहून आला होता. साडूंनी पगार विचारला नाही, बोळाला तिकडे काय म्हणतात ते विचारलं. त्याला सांगता आलं नाही. "तिथं राहून केलं काय गा यानं?" असं मला बाजूला घेऊन म्हणाले आणि स्थळाविरुद्ध मत देऊन मोकळे झाले.

मग ताईंना पोटाचा कॅन्सर निघाला, तोही शेवटच्या टप्प्यावरचा. जन्मभर लोकांना औषधं देणाऱ्या माणसाजवळ बायकोला द्यायला काही उरलं नाही. ते इस्पितळात तिच्या खाटेशी बसून शब्दच सांगत राहिले. लॅटिनने तो ग्रीककडून घेतला, ग्रीकने अरबस्तानाकडच्या भाषांकडून, आणि तिथे मूळ अर्थ कडू. लेक चिडली, बाबा आता पुरे करा म्हणाली.

"बोलू दे वं त्यांले," ताई म्हणाल्या. "ते बोलून राहिले की दुखणं दूर वाटते." मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "येवढं फिरून शेवटी कडूच निघालं का जी?"

साडू हसले. इस्पितळाच्या त्या महिन्यात ते एवढंच हसले. त्यानंतर चौथ्या दिवशी ताई गेल्या.

परवा बेसाला त्यांच्या घरी गेलो, तर वही उघडी होती. रशियात बोळाला स्मिर्ना असंही म्हणतात, म्हणाले. ग्रीकमध्ये त्याच शब्दाचं एक दुसरं रूप होतं, त्यावरून आलेलं. इतकी वर्षं नजरेतून सुटलं होतं.

"हे तिले सांगाचं राहून गेलं," ते म्हणाले.

मला सांगा, म्हटलं. त्यांनी सगळं सांगितलं, पण अगदी हळू आवाजात, आतल्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं.