समाजाला अर्पण केलेलं मैदान

आमच्या कॉलनीतलं मैदान कुणी गिळलं असं म्हणू नका. ते समाजाला अर्पण झालं. तसं संगमरवरी पाटीवर कोरलेलंच आहे, आणि एवढा महागाचा दगड आणून त्यावर कोण कशाला खोटं कोरेल?

आण्णा, म्हणजे माझे वडील, भूकंप झाला तेव्हा किल्लारीत शिक्षक होते. गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे आमचं दगडमातीचं घर बसलं. त्यात आई गेली. आण्णा मला घेऊन लातूरला आले. इथला प्लॉट त्यांनी नळ, बाजार, शेजार यातलं काही बघून घेतला नाही. समोर मोकळं मैदान होतं म्हणून घेतला. घर बांधलं तेही पत्र्याचं. दाराला आतून कडी लावायची नाही आणि दारापासून मैदानापर्यंत वाटेत काही ठेवायचं नाही, एवढे दोनच नियम होते. माझी सायकल वाटेत दिसली की आण्णा तिला लाथ घालत.

तेव्हा सगळ्यांचीच अशी अवस्था होती. त्यामुळं दर वर्षी विसर्जनाच्या रात्री अख्खी कॉलनी मैदानात झोपायची. कुणी ठरवलं नव्हतं, पण रीत पडली. शेजारचे चाचा पिंजारी. ते दुकानातल्या गाद्या आणून टाकायचे आणि पहाटे सगळ्यांना चहा पाजायचे. त्यांच्या आणि आण्णांच्या गाद्या कायम शेजारी शेजारी.

पुढं लातूरला अकलेचा पूर आला. किनवटपासून जळकोटपर्यंतचे आईबाप लेकरांना डॉक्टर करायला इथं आणून सोडू लागले. शिक्षणाबद्दल आमच्या कॉलनीला अचानक एवढी तळमळ वाटू लागली की लोकांनी स्वतःचं बिऱ्हाड स्वयंपाकघरात हलवलं आणि बाकीच्या घरात पोरांसाठी भाड्याच्या कॉट मांडल्या. भूकंपानंतर जे एका मजल्याला भीत होते, त्यांनी त्याच भिंतींवर तीन-तीन मजले चढवले. चाचांनी ‘विद्यार्थी साईज’ची गादी काढली. तिच्यावर कूस बदलता येत नाही, पण डॉक्टर व्हायचं असेल तर कूस कशाला बदलायची? विसर्जनाच्या रात्री मैदानात येणारे कमी होत गेले. शेवटी आण्णा आणि चाचा, दोघंच उरले.

अशात फिजिक्सच्या क्लासवाले एक सर बिल्डर झाले. त्यांनी कॉलनीची बैठक बोलावली, समोसे मागवले आणि पडद्यावर चित्रं दाखवली. कॉलनीच्या सामाईक मैदानावर सात मजली ‘हरित’ इमारत होणार होती. तळाला गरीब मुलांसाठी मोफत अभ्यासिका, वर हॉस्टेल. पर्यावरण, शाश्वत विकास, सामाजिक मूल्य हे शब्द सर इतक्या वेळा बोलले की समोसे गार झाले. गच्चीवर हिरवळ असणार होती, प्लास्टिकची. तिला पाणी घालावं लागत नाही, म्हणजे पाण्याची बचत. ज्या गावात आंघोळीला टँकरची वाट बघतात तिथं हे पटायला वेळ लागला नाही.

आण्णा उठले. “सर, उद्या जमीन हालली तर माणसानं जायचं कुठं?”

“काका, इमारत भूकंपरोधक हाय. पळायचं कामच न्हाई.”

लोक हसले. जवळ अभ्यासिका आली की आपल्या कॉटचं भाडं वाढणार, हे गणित सगळ्यांना तोंडपाठ होतं, त्यामुळं हात भराभर वर गेले. चाचांनीही वर केला, आण्णांकडं न बघता. हॉस्टेलच्या गाद्यांचं काम त्यांना मिळणार होतं. मला त्यांचा राग आला. आण्णांना आला नाही, ते फक्त चपला शोधत राहिले.

मैदानातले कडुलिंब पर्यावरणासाठी तोडले. उद्घाटनाला पाहुण्यांना एकेक रोप दिलं, ते त्यांनी खुर्चीखाली विसरून हरितपणात मोलाची भर घातली. मोफत अभ्यासिका होती, फक्त हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनाच मोफत. इमारतीला हरितपणाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यासाठी संकटात लोकांनी जमायची जागा दाखवणारा बोर्ड लागतो. जागा तर कुठं उरली नव्हती, म्हणून बोर्ड खालच्या पार्किंगमध्ये लावला, सात मजल्यांच्या बरोबर पोटाखाली.

परवाच्या पावसाळ्यात एका सकाळी जमीन हालली. फार नाही, मांडणीतली भांडी वाजली एवढंच. मी बाहेर आलो तर रस्त्यावर सगळ्यात पुढं सर, अनवाणी, खांद्यावर टॉवेल. भूकंपरोधक इमारतीतून इतक्या वेगानं बाहेर पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्यामागून शेकडो पोरं जिन्यातून एकमेकांवर आदळत येत होती. रस्ता भरला तशी ती टँकर आणि गाड्यांच्या मधे घुसत राहिली.

आण्णा सवयीनं मैदानाकडं चालत गेले होते. फाटकाशी वॉचमननं त्यांचा दंड धरला. “काका, गाड्यात कुटं मरायला जाता, हितं आत थांबा. बोर्ड हाय बघा.”

आण्णांनी बोर्ड वाचला, मग मान वर करून स्लॅबकडं बघितलं. दंड सोडवून घेत ते मागं सरले. मी त्यांना धरून घरी आणलं, पण ते उंबऱ्याच्या आत येईनात. मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही काढायला समोर कुणी नव्हतं.

“मला किल्लारीला सोड,” ते म्हणाले.

“आण्णा, जुनं गाव उठलं. नव्या गावात आता आपलं कोण हाय?”

“कोन न्हाई. पर घरं लांब लांब बांधलीत तिथं. रस्ते लई रुंद हायत.”

भूकंपाला भिऊन किल्लारी सोडलेला माणूस लातूरला भिऊन किल्लारीला निघाला होता. मी आत जाऊन त्यांची पिशवी भरली. मग जीप सांगायला गेलो.