सहा नंबरचा पेला

कॉफी चाखायच्या खोलीत तिला सगळे 'जीभबाई' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून ती सुखावायचीही. बावीस वर्षं तिनं कामाच्या दिवशी लसूण खाल्ला नव्हता की अत्तर लावलं नव्हतं. एक घोट फुरकून घेतला की ही नदीकाठची, ही उत्तरेच्या पठारावरची, असं सांगून ती मोकळी. नवरा म्हणायचा, हिच्या घरात भाजी करपवायचीसुद्धा चोरी.

नवऱ्याचा जीव मात्र वरच्या उतारावरच्या त्याच्या झाडांत. त्यांच्या देशात कॉफी पिकते हेच मुळी जगाला माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं माल शेजारच्या देशाच्या नावानं बोटीत चढायचा. आता कुठे परदेशी खरेदीदार एकेका उताराचा माल वेगळा मागू लागले होते आणि पाकिटावर त्या उताराचं नाव छापू लागले होते. आपल्या उताराचं नाव एकदा तरी छापून यावं, एवढ्यासाठी त्यानं जिवाचं रान केलं. दोन हंगाम चाखणीत थोडक्यात हुकले. तिसऱ्या हंगामात पीक कधी नव्हतं इतकं सरस उतरलं, आणि नेमकं तेव्हाच त्यानं अंथरूण धरलं.

डॉक्टरांनी हात टेकले. त्या पिकाच्या वाळलेल्या बियांची छोटी गोणी गोदामात ठेवू, असं दीर म्हणत होता, पण नवऱ्यानं हट्ट धरला, माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. तिनं ती त्याच्या उशाशी ठेवली. कॉफीचं बी शेजारचा वास ओढून घेतं, हे ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायची. तिलाच तेव्हा ते सुचलं नाही. कामावरून तिनं रजा घेतली होती. रोज संध्याकाळी ती त्याच्या पाठीला कापराचं तेल चोळायची आणि तो गोणीवर हात ठेवून पडून राहायचा. महिन्याभरात तो गेला. झाडं काढून टाकायची ठरली. एकट्या दिराच्यानं तो उतार निभणार नव्हता. राहिली ती एवढी एक गोणी. दिरानं ती तिच्याच चाखणी केंद्रावर पोचवली; तिथं पसंत पडलेलाच माल परदेशी खरेदीदारांकडे जाई.

चाखायच्या दिवशी टेबलावर दहा पेले होते. माल कुणाचा ते कळू नये म्हणून पेल्यांवर फक्त नंबर असत. उकळतं पाणी ओतलं, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्यानं मोडला, आणि एकेक घोट फुरकून, थुंकून ती पुढे सरकत गेली. सहाव्या पेल्याशी थांबली. आधी फुलांचा वास आला, मग मधासारखी गोडी, बावीस वर्षांत जिभेवर न आलेली. आणि त्याच्यामागून कापूर.

पेला कुणाचा, हे विचारायची गरज उरली नाही.

केंद्राच्या म्हाताऱ्या प्रमुखांचं तोवर चाखून झालं होतं. "सहा नंबर फार वरच्या दर्जाचा आहे," ते म्हणाले. "मागे काहीतरी आहे, पण मला धरता येत नाही. तुम्ही चालेल म्हणालात तर चालेल."

ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. नाव छापून आलं असतं. पण मग कुठल्यातरी दूरच्या घरात कुणी घोट घेऊन नाक मुरडलं असतं, आणि नवऱ्याच्या उताराला कापराचा वास येतो म्हणालं असतं. ते तिला सोसवलं नसतं.

"बाहेरचा वास आहे," ती म्हणाली. "कापराचा."

"नक्की?"

"नक्की. महिनाभर माझ्याच हातांना होता."

प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. ते तिनं उचललं आणि सहा नंबरवर स्वतः काट मारली.

बाहेर दीर वाट बघत उभा होता. "काय झालं, वहिनी?"

"दोन हंगाम त्याचे हुकले, भाऊजी," ती म्हणाली. "हा मी घालवला." आणि तिथेच पायरीवर बसून ती ढसाढसा रडली.

गोणी ती घरी घेऊन आली. रोज संध्याकाळी मूठभर बी भाजायची, पेला भरायची, आणि एरवी सगळं थुंकणारी ती यातला घोट न् घोट गिळायची. वर्षभर पुरली. बी जुनं होत गेलं तसा फुलांचा वास आधी गेला, मग गोडी गेली. कापराचा वास शेवटच्या मुठीपर्यंत राहिला.