सासूबाईंचा थोरला जावई

सासूबाईंना मुलगी एकच, तरी जावई दोन. धाकटा मी. थोरला म्हणजे त्यांच्या शिडाच्या बोटीतलं डिझेल इंजिन. ते माझ्या लग्नाच्या आधीपासून घरात आहे. लवकर उठवलं की कुरकुरतं, वेळच्या वेळी तेलपाणी झालं नाही की रुसून बसतं, तरी कौतुक त्याचंच. "तो निदान कामाला येतो," असं सासूबाई माझ्याकडे बघत म्हणतात.

सासरे गेल्यावर बाईंनी फ्लॅट विकला आणि मुक्काम कायमचा बोटीवर हलवला. बोट ती केवढी? कूस बदलली की माणूस बेडरूममधून स्वयंपाकघरात. इंजिन जिन्याखाली. जिना उचलून बाजूला ठेवायचा, पालथं पडायचं आणि डोकं आत घालायचं. त्यामुळे माझं बरंचसं बोलणं सासूबाईंच्या तळपायांशीच होतं. "जावईबापू, तेरा नंबरचा पाना द्या," असा आतून आवाज येतो. मी चौदाचा देतो. मग आतून जे ऐकू येतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मिस्त्री त्यांना चालत नाही. म्हणून त्या मोठ्या तज्ज्ञ आहेत अशातला भाग नाही. एकदा तेल बदलताना खालचा बोल्ट लावायचाच राहिला आणि सगळं नवं तेल बोटीच्या तळात गेलं. आम्ही उशासुद्धा पुसल्या. तेव्हापासून त्यांनी स्वतःला नियम घालून घेतले. त्यातला मोठा नियम चावीचा. इंजिन थंड राहायला समुद्राचं पाणी आत ओढतं आणि मागच्या नळीतून थुंकतं. दुरुस्तीसाठी त्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, की इंजिनची चावी व्हॉल्व्हच्याच दांड्याला अडकवायची. चावी तिच्या नेहमीच्या खिळ्यावर दिसली म्हणजे व्हॉल्व्ह उघडा आहे, डोळे मिटून सुरू करा.

यंदा बंदरवाल्यांनी फतवा काढला. बोटीवर राहायचं असेल तर बोट स्वतःच्या इंजिनावर एक फेरी मारून धक्क्याला परत आली पाहिजे. नाही आली तर मुक्काम बंद. मुक्काम बंद म्हणजे सासूबाई आमच्याकडे, मी दार लावून घोरतो त्या खोलीत. बायकोने तिथे नवे पडदे लावूनही टाकले. मी मनातल्या मनात थोरल्याच्या हातापाया पडलो.

तपासणीच्या दिवशी साहेब धक्क्यावर घड्याळ बघत उभे. माझं काम बोटीच्या मागच्या टोकावरून वाकून इंजिन थुंकतंय का ते बघायचं. सासूबाईंनी खिळ्यावरची चावी काढून फिरवली. थोरला खोकला, सुरू झाला, आणि नळीतून नुसता धूर.

"आई, थुंकत नाहीये," मी ओरडलो.

त्यांनी इंजिन बंद केलं, जिना काढला, हात घातला. व्हॉल्व्ह बंद होता.

आता माझा उद्धार होणार म्हणून मी तयारीत राहिलो. पण बाई त्या काढलेल्या जिन्यावर बसल्या आणि फडक्याने हाताचं एकच बोट पुसत राहिल्या.

"मीच बंद केला असणार," त्या म्हणाल्या. "आणि चावी खिळ्यावर ठेवली. मला आठवतही नाही. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं." मग हळूच म्हणाल्या, "साहेबांना सांगा, राहू दे. मी सामान आवरते."

सासरे गेले तेव्हासुद्धा मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. खोलीचा विचारसुद्धा डोक्यातून गेला.

बायको इतका वेळ वर दारात उभी होती. "आई, तू नाही विसरलीस," ती म्हणाली. "काल तू डिझेल आणायला गेलीस ना, तेव्हा मी बंद केला."

सासूबाईंनी फडकं खाली ठेवलं.

"वारा सुटला की मला झोप लागत नाही गं. तू इथे एकटी. मला तू घरी हवी आहेस," म्हणत ती रडायलाच लागली.

सासूबाईंचा आधी जीव भांड्यात पडला. राग मागून आला, पण व्याजासकट आला. "गधडे, माझी पाचावर धारण बसवलीस. व्हॉल्व्ह बंद केला तर चावी कुठे अडकवायची असते?"

"तिथे अडकवली असती तर तुला कळलं असतं."

"कळलं असतं तर बिचारं इंजिन तरी वाचलं असतं. आता पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून जळला असणार. तो तू बदलायचास. पड पालथी."

मी साहेबांना चहा पाजत बसलो. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. घरगुती मामला आहे, असं मी सांगितलं. आत आता तळपाय बायकोचे होते आणि पाने देणाऱ्या सासूबाई. व्हॉल्व्ह उघडून बायको कोपरापर्यंत काळी होऊन बाहेर आली, सासूबाईंनी चावी फिरवली, आणि थोरला असा थुंकला की माझी पँट भिजली. फेरी झाली. साहेबांनी सही केली.

धक्क्याला लागल्यावर सासूबाईंनी व्हॉल्व्ह बंद केला आणि चावी लेकीच्या हातात दिली. "अडकव."

तिने अडकवली.

"ज्या दिवशी मी खरंच विसरायला लागेन, त्या दिवशी मला तोंडावर सांग. मी येईन. पण तोवर माझ्या वाटचं विसरणं तू करायचं नाहीस."

"सांगितलं तर खरंच येशील?"

"येईन म्हटलं ना. ते पडदे मात्र काढ. खोलीत अंधार करतात."

पडदे मी त्याच संध्याकाळी काढले. माझी गादीही उचलली. हल्ली मी हॉलमध्ये घोरतो.