सरळ सांगायचं म्हणजे

दुपारी गॅलरीत बसले होते. समोरच्या सावरीच्या झाडावरून कापसाचा एक पुंजका, आम्ही लहानपणी ज्याला म्हातारी म्हणायचो तो, तरंगत आला. ग्रिलपाशी थबकला, मागे फिरला, वर गेला आणि बऱ्याच वेळानं अलगद माझ्या मांडीवर उतरला. सरळ येणं त्याला ठाऊकच नव्हतं.

रेवा, काल फोनवर तू म्हणालीस, "आजी, स्ट्रेट सांग ना, सुट्टीत आम्ही दोघा भावंडांनी तुझ्याकडे यायचं का?"

मी म्हटलं, "तुमच्या सोयीनं बघा गं."

"बरं, मग पुढच्या वर्षी बघू," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून तुझा तो 'स्ट्रेट' शब्द मनात घोळतोय. आपल्याकडेही त्यासाठी शब्द कमी नाहीत. रस्ता सरळ असतो, गाडी थेट जाते, नकार स्पष्ट असतो आणि शेजारच्या मालूताई रोखठोक असतात. पण आपल्या घरात मनातलं मागणं कुणी असं बोलून दाखवलं नाही. तुझ्या आजोबांना चहा हवा असला की ते म्हणायचे, "ऊन उतरलं वाटतं." मी आधण ठेवायची. "अगं, कशाला त्रास!" म्हणत ते कपासाठी हात पुढे करायचे. सगळा संसार असा न मागता झाला.

पण त्यासाठी चेहरा बघणारं माणूस जवळ लागतं. तुमच्यापर्यंत माझे फक्त शब्द पोचतात.

म्हणून लिहून टाकते. सोय बघू नका. याच सुट्टीत या. मला तुम्ही हवे आहात.