साडेसत्तावीस गुणिले साडेतेरा

गड्या, हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तरी सांगायचं राहूनच गेलं. आता तुला सांगतो. पण माझ्या चालीनं सांगेन, मध्येच घाई करू नकोस.

मी तिसरी शिकलेला माणूस. पण पाव, निम्मे, पाऊण, दीड, अडीच — हे सगळे पाढे मला अजून झोपेतून उठवून विचार. विट्याकडच्या आमच्या गावात भावाभावांची वाटणी असली, विहिरीची खोदाई मोजायची असली की मला बोलावणं यायचं. कागद लागायचा नाही. डोळे मिटायचे, बोटांची पेरं चाळायची आणि आकडा सांगायचा. त्याचा मला लय अभिमान होता. होता कशाला म्हणू? अजून आहे.

माझी नात रंजना, आमची रंजी, तेव्हा सातवीत. म्हशीची धार काढता काढता मी गणित घालायचा आणि दुधाची चरवी भरायच्या आत ती उत्तर द्यायची. कधी कधी माझ्याही आधी. मला बरं वाटायचं — आणि थोडं खुपायचंही. हे खरं सांगायलाच बसलोय ना?

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात घरात लग्न निघालं. माझा भाचा दत्तू सोनं गाळायच्या धंद्यात, लांब मुलखात असतो. तो येताना हिशेबाचं एक यंत्र घेऊन आला. तळहाताएवढं. बटण दाबलं की तांबडे आकडे पेटायचे. पंगती उठल्या, पानसुपारी झाली, आणि मांडवातल्या माणसांना ऊत आला. "आबा मोठं का यंत्र मोठं, होऊन जाऊ दे!" कुणीतरी गणित टाकलं — साडेसत्तावीस गुणिले साडेतेरा. दत्तूनं यंत्र रंजीच्या हातात दिलं.

मी डोळे मिटले. तीनशे सव्वाएकाहत्तर. बरोबर होतं ते, अजून सांगतो, बरोबर होतं.

रंजी उडीच मारून ओरडली, "आबा, जुळलं! जुळलं की!"

गड्या, ती माझ्या बाजूनं ओरडत होती, माझा मोठेपणा सगळ्यांना सांगत होती. मी यंत्र हातात घेतलं. तीनशे एकाहत्तर, मग एक टिंब, मग पंचवीस. ते टिंब मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? आमच्या शाळेत अपूर्णांक होते, टिंब नव्हतं. मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, "तीनशे एकाहत्तर आन् वर पंचवीस! ह्या डबड्याला पाव सुदीक येत न्हाई!" सगळा मांडव हसला. तात्या शेजारी तर टाळ्या पिटत म्हणाला, "आरं, त्याला आबाकडं पाढं पाठ करायला बशीव!"

तेव्हा रंजी हळूच म्हणाली, "आवं आबा, पंचवीस पैशे म्हंजे पाव रुपायाच की."

आणि मला कळलं — तिथल्या तिथं, लख्ख कळलं. दुकानात बिस्किटं आणायला जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं ते. मग मी काय करायचं होतं? "व्हय की, मी चुकलो" — एवढंच. हरलोही नव्हतो रे! उत्तर एकच होतं. पण मांडव हसत होता, ते हसू माझ्या बाजूचं होतं, आणि ते मला सोडवेना.

मी तिला म्हणालो, "चुकीचं बटाण दाबलंस. म्हण सगळ्यांम्होरं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला कळलंय हे तिला कळलं होतं. मग खाली बघून म्हणाली, "चुकलं माझं."

त्यावर पाहुण्यांनी विचारलं, "आबा, मग पोरांच्या हातात असलं कवा द्यावं?" मी मिशीला पीळ देऊन सांगितलं — पोरांना मिसरूड फुटल्यावर, पोरींना कधीच नको, डोकं बसून जातं. गावानं ते मानलं. पुढं शाळेतसुद्धा म्हणायचे, आबांनी असं सांगितलंय. दत्तूनं जाताना यंत्र रंजीला भेट दिलं. मी त्यातले सेल काढले, यंत्र ट्रंकेत घातलं आणि तिला सांगितलं, बिघडलंय. म्हणजे खोटं एक नाही, दोन.

त्यानंतर धार काढताना मी गणित घातलं की ती म्हणायची, "तुमीच सांगा, आबा." वर्गात पहिला वर जाणारा हात खाली गेला. घरात सगळे म्हणाले, पोरगी मोठी झाली. मी काय केलं? चरवी भरत राहिलो.

आता रंजी सांगलीला मास्तरीण व्हायचं शिकते. या सुट्टीत आली तेव्हा सांगत होती, तिकडं वाद चाललाय: कॉम्प्युटर म्हणून खोलीएवढं यंत्र निघालंय, उद्या ते शाळेत आलं तर पोरांना कितवीपासून द्यावं. आणि मला विचारते, "आबा, तुमाला काय वाटतं?"

मला विचारते, बघ. इतकं होऊन.

मी विट्याच्या बाजारातून बारके सेल आणले, ट्रंक उघडली, यंत्र पुढच्या सोप्यात तिच्यासमोर ठेवलं. म्हणालो, "बिघडलं नव्हतं. आन् कवा द्यावं ते मला ठावं न्हाई. त्ये टिंब कसं टाकायचं, तेवढं दाव."

तिनं माझं बोट धरून एकेक बटण दाबायला लावलं. सत्तावीस, टिंब, पाच. तेरा, टिंब, पाच. तेच गणित. विसरली नव्हती ती.

तांबडे आकडे पेटले. मी टिंबासकट वाचले.

"जुळलं," ती म्हणाली. आणि पुढचं गणित तिनं घातलं, यंत्र पालथं ठेवून, तोंडी. उत्तर माझ्या आधी दिलं. मला बरं वाटलं. या वेळी नुसतं बरंच.

मांडवातली निम्मी माणसं अजून गावात आहेत. तुला सांगितलं, आता त्यांच्यासाठी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात हे लिहून ठेवतो. रंजीनं चुकीचं बटण दाबलं नव्हतं.